एका ब्लॉकसाठी २३ दिवस

मांडीतली गाठ १४ सेंटिमीटरची निघाली. एमआरआय, मग सुईने बायोप्सी, सगळं आठवड्याभरात उरकलं. डोक्यातून जात नाही तो लॅबचा काउंटर आणि तिथे मारलेल्या २३ दिवसांच्या खेपा.

रिपोर्टात होतं, गाठ चरबीचीच आहे, पण काही पेशींची केंद्रकं वेडीवाकडी दिसतात. साधा लायपोमा, म्हणजे निरुपद्रवी गाठ, की लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींचा कॅन्सर, हे ठरवायला 'एमडीएम२ फिश' करावी. म्हणजे एमडीएम२ नावाच्या जनुकाच्या प्रती पेशींत वाढल्यात का ते बघायचं. ही सोय दुसऱ्या लॅबमध्ये होती. मी स्लाइड मागून घेतल्या, तिकडे नेऊन दिल्या. चार दिवसांनी फोन आला, "या रंगवलेल्या आहेत, चालणार नाहीत. ब्लॉक आणा."

ब्लॉक हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बायोप्सीचे तुकडे मेणात बसवून ठेवतात, तो हा ब्लॉक. पहिल्या लॅबमध्ये गेले तर डॉक्टरांचं पत्र हवं. पत्र नेलं तर त्यावर बायोप्सीचा नंबर नाही. नंबर घालून आणला तर सही करणारे पॅथॉलॉजिस्ट रजेवर. "मॅडम, उद्या बघा," हे मी किती वेळा ऐकलं! माझ्याच शरीराचा तुकडा, आणि तो मिळवायला मीच हात जोडायचे. रात्री गाठ वाढली का ते चाचपत जागी राहायचे. शेवटी ब्लॉक हातात आला. प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीवर नखाएवढं मेण, आत दोऱ्यासारखे चार पांढुरके तुकडे. उन्हाने मेण मऊ होईल म्हणून रुमालात गुंडाळून नेला.

बायोप्सीच्या दिवशीच विचारून ठेवा, ब्लॉक कोण देतं आणि पत्रात काय काय लागतं. ब्लॉक द्यायला कुरकुर केली तर चार्ज्ड स्लाइडवर, म्हणजे काप घट्ट चिकटून राहावा अशा खास काचेवर घेतलेले, न रंगवलेले काप मागा. त्यांवरही फिश होते.

फिश पॉझिटिव्ह आली, म्हणजे लायपोसार्कोमाच निघाला. हातापायातला हा प्रकार सहसा लांब पसरत नाही, पण त्याच जागी परत येऊ शकतो आणि क्वचित उग्र रूप घेतो, असं डॉक्टरांनी समजावलं. छातीचा सीटी स्वच्छ होता. ऑपरेशन झालं. मला रेडिएशन लागलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या ताईंची गाठही चरबीचीच, पण मिक्सॉइड, म्हणजे लायपोसार्कोमाच्या वेगळ्या प्रकारची. त्यांना ऑपरेशनआधी रेडिएशनच्या २५ फेऱ्या झाल्या. म्हणून तर त्या एका रिपोर्टासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. पहिले डॉक्टर म्हणाले होते, "चरबीची गाठ आहे, जागा बधिर करून काढून टाकू." मी थांबले, याचा मला आजही अभिमान वाटतो. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल किंवा वाढती असेल तर एमआरआयशिवाय चिरा देऊ देऊ नका. बायोप्सीची सुई कुठून घालायची तेही ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाच ठरवू द्या.

पुढचा एमआरआय सहा महिन्यांनी आहे. फाइलच्या पहिल्याच पानावर ब्लॉकचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.