पाच तारे आणि एक शांतता

"पाचपैकी पाच तारे!" मित्राने नव्या रॅप अल्बमचं परीक्षण नाचवलं. दुसरा उसळला, "उगाच डोक्यावर घेतलाय!" अर्धा तास जुंपली.

मी विचारलं, "पूर्ण ऐकलात?"

दोघेही गप्प.

ती शांतता अजून मनातून जात नाहीये.

अमेरिकी रॅपर केंड्रिक लमारच्या 'डॅम' या अल्बमला २०१८ मध्ये पुलित्झर हे मानाचं अमेरिकी पारितोषिक मिळालं, पाश्चात्त्य शास्त्रीय आणि जॅझबाहेरच्या संगीताला पहिल्यांदाच. तरी मला तो उमगायला चार वेळा ऐकावा लागला. रॅपमध्ये शब्द किती दाट असतात! ओळीच्या पोटातलं यमक, श्वास घ्यायची जागा, पहिल्या फेरीत निसटतंच. (समीक्षकांचंही निसटत असणार, त्यांनाही घाई असते.)

एखादा अल्बम एका बैठकीत, शेवटच्या गाण्यापर्यंत तुम्ही कधी ऐकला होता?