पिकअपच्या बॅटरीवर हवेचा कॉम्प्रेसर: माझा अनुभव

ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीचा टायर रानातच बसतो, त्यामुळे हवा रानात न्यावी लागते. त्यासाठी पिकअपच्या हौद्यात कॉम्प्रेसर बसवला. कॉम्प्रेसर निवडणं सोपं होतं. त्याच्यापर्यंत करंट पोचवण्यातच सगळा वेळ गेला.

पहिला विचार इन्व्हर्टरचा होता: दुकानात असतो तसा १ एचपीचा, २३० व्होल्टचा कॉम्प्रेसर इन्व्हर्टरवर चालवायचा. हिशेब मांडला आणि तो बेत सोडला. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते मोटरच्या शाफ्टवर मिळणारे. तेवढे द्यायला सिंगल फेज मोटर ११०० वॅटच्या आसपास ओढते. इन्व्हर्टरमधली घट धरली की बॅटरीतून साधारण १०० अँपिअर जातात, तेही मोटर फिरत असताना. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट मागते आणि स्वस्तातला २००० वॅटचा इन्व्हर्टर तिथेच शिट्टी मारून बंद पडतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखा करंट देणारा) नसेल तर मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. २ एचपीचं तर नावच काढू नये.

तरीही कुणाला इन्व्हर्टरवरच चालवायचा असेल तर एक गोष्ट आधी बघावी. टाकी भरली की मोटर थांबवणारा प्रेशर स्विच बंद होताना ‘फुस्स’ असा आवाज येतो का? तो अनलोडर. हेड (सिलिंडरचा वरचा भाग) आणि टाकीमधल्या पाइपातली हवा तो सोडून देतो, म्हणून पुढच्या वेळी मोटर मोकळी सुरू होते. आवाज येत नसेल, किंवा टाकीतली हवा मागे येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह गळत असल्यामुळे फुस्स थांबतच नसेल, तर मोटरला भरल्या दाबावर उठावं लागतं. अशा वेळी इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि दोष उगाच इन्व्हर्टरला लागतो.

मी घेतला तो १२ व्होल्टचा, दोन सिलिंडरचा, भरल्या दाबावर ४५ अँपिअर ओढणारा. सोबत आलेले, बॅटरीला लावायचे चिमटे काढून टाकले. सिगारेट लाइटरच्या सॉकेटचा तर प्रश्नच नाही, त्याचा फ्यूज १०-१५ अँपिअरचा असतो.

वायरवर पैसे वाचवू नयेत. बॅटरीपासून हौद्यापर्यंत केबल ४.५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ९ मीटर. ४५ अँपिअरला ४ स्क्वेअर एमएमच्या वायरीत जवळजवळ २ व्होल्ट वाटेतच जातात, ६ च्या वायरीत १.३, १० च्या वायरीत पाऊण आणि १६ च्या वायरीत अर्धा. मी १६ ची तांब्याची वेल्डिंग केबल टाकली. बारीक तारांची असल्यामुळे ती हादऱ्यांत तुटत नाही. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही त्याच जाडीत मिळते. एक तार ब्लेडने खरवडावी, आतून पांढरी निघाली तर परत करावी.

२ व्होल्टने काय होतं? या मोटरमध्ये चुंबक कायमचे असतात. व्होल्टेज कमी झालं तर तिचा वेग घटतो, पण दाब तोच असल्यामुळे करंट तेवढाच राहतो. हवा कमी, पंख्याचा वारा कमी, गरमी मात्र तेवढीच. ‘कॉम्प्रेसर लवकर तापून बंद होतो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते.

पॉझिटिव्ह केबलवर बॅटरीपासून वीतभर अंतरात ८० अँपिअरचा फ्यूज घातला. फ्यूज वायरीसाठी असतो, मशीनसाठी नाही. तो हौद्यात लावला आणि केबल मध्येच चेसिसला घासून उघडी पडली, तर आग लागेपर्यंत त्याला पत्ताच लागत नाही. केबलवर फ्लेक्झिबल पाइप चढवला, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवला, आणि सायलेन्सर व डिझेलच्या पाइपापासून तिला लांब ठेवलं. फ्यूज सगळ्यात शेवटी घातला.

निगेटिव्हसाठी हौद्याच्या पत्र्यावर विसंबलो नाही. हौदा बोल्टने बसवलेला असतो, मध्ये रंग, गंज आणि कधी रबरी पॅड असतो. म्हणून वेगळी केबल पुढे आणली. ती बॅटरीच्या टर्मिनलवर जोडली नाही, तिथल्याच चेसिसच्या अर्थ पॉइंटला जोडली. नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असू शकतो. टर्मिनललाच जोडलं तर कॉम्प्रेसरचा करंट सेन्सर चुकवून जातो आणि गाडीचा चार्जिंगचा हिशेब बिघडतो. अर्थ पॉइंटचा रंग चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वायसर टाकला आणि वरून ग्रीस लावलं.

कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच ४५ अँपिअरसाठी नसतो, त्याचे पॉइंट जळतात. त्याच्याकडून फक्त सोलेनॉइडची (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल चालवली, मोठा करंट सोलेनॉइडमधून गेला. सोलेनॉइड ‘कंटिन्युअस ड्यूटी’चा, म्हणजे सतत चालू राहू शकणारा लागतो. सेल्फचा सोलेनॉइड दिसायला तसाच आणि स्वस्त, पण तो काही सेकंदांपुरता असतो, वीस मिनिटांत कॉइल भाजून निघते. कॉइलची लाइन इग्निशनमधून घेतली, म्हणजे चावी काढली की कॉम्प्रेसर बंद. एरवी बॅटरी उतरते आणि रानात धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.

चालवताना इंजिन १२०० ते १५०० आरपीएमवर ठेवतो. अल्टरनेटरच्या पाटीवरचा आकडा जास्त फेऱ्यांचा असतो. आयडलवर बऱ्याचदा त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं, त्यातून गाडीचं स्वतःचं खाणं वेगळं. हेडलाइट आणि एसी बंद.

सगळं जोडल्यावर मल्टिमीटरने तपासलं. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं कॉम्प्रेसरच्या पॉझिटिव्हला, कॉम्प्रेसर भरल्या दाबावर चालू. ही एकाच बाजूची केबल, म्हणून ०.२५ व्होल्टच्या आसपास यायला हवं होतं, आलं ०.९. एकेक जोड मोजत गेलो. फ्यूजच्या पलीकडच्या एकट्या एका लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडावर) ०.६ व्होल्ट. बोट लावलं तर चटका बसला. लग पकडीने दाबलेला होता. नवा लग घालून क्रिम्पिंग टूलने दाबल्यावर आकडा ०.२६ वर आला. जोड वर्षभरात सैल होतातच, म्हणून ही मोजणी दर हंगामाआधी करतो.

टाकी २० लिटरची, १२० पीएसआयला बंद होणारी, ९० ला परत चालू होणारी. तिच्याबद्दल लोकांचा गैरसमज असतो. १२० वरून ९० वर येईपर्यंत टाकीतून फक्त ४० लिटरच्या आसपास मोकळी हवा निघते. आतून १०० लिटरचा टायर ७ बारला (साधारण १०० पीएसआयला) भरायचा तर ७०० लिटर लागते. म्हणजे टायर टाकी भरत नाही, कॉम्प्रेसरच भरतो. डब्यावर छापलेले ‘इतके लिटर प्रति मिनिट’ शून्य दाबाचे असतात, ७ बारला त्याच्या बरेच खाली येतात. टाकीचा खरा उपयोग ट्यूबलेस टायरची कड रिमवर बसवताना आणि ब्लो गनने रेडिएटर झाडताना होतो. रेडिएटर झाडताना दाब कमी ठेवावा, नाहीतर जाळीच्या पट्ट्या वाकतात.

हेडमधून निघणारी हवा चांगलीच तापलेली असते. साधा रबरी पाइप तिथे आठवडाभरात मऊ पडून सुटतो. पहिला फूटभर स्टीलची जाळी असलेला पाइप लावला, मग टाकी, मग हवा तो रबरी पाइप. एअर फिल्टरही कॉम्प्रेसरवरून काढून पाइपाने केबिनच्या मागे उंचावर नेला. रानातली पाचटाची धूळ हौद्याच्या तळाशी सगळ्यात जास्त असते. सेफ्टी व्हॉल्व्ह टाकीच्या पाटीवर लिहिलेल्या दाबाच्या आतला घेतला, आणि महिन्यातून एकदा त्याची कडी ओढून तो मोकळा आहे ना ते बघतो.

संध्याकाळी टाकीखालचा ड्रेन कॉक उघडतो. कोरड्या हवेत चमचाभर पाणी निघतं, पावसाळ्यात पेलाभर. गंजाने लाल झालेलं येऊ लागलं तर टाकी बदलायची वेळ झाली.