स्लाइडमधल्या गाड्या: 63 पैकी 47 ओळखल्या, एक चुकली होती ती सुधारली

मागच्या नोंदीत 31 वर अडकलो होतो. आता आकडा 47. उरलेल्या 16 पैकी चार-पाच तरी कधीच लागणार नाहीत. त्यांत गाडीचा नुसता बंपर दिसतो आणि त्यावर ओळीने बसलेली पोरं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. आमच्या डेट्रॉइटच्या उपनगरात एका घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं. मी गेलो होतो शिडी घ्यायला. शिडी आधीच कुणीतरी नेली होती, म्हणून पाच डॉलरला कोडाक्रोम स्लाइडांचा, म्हणजे जुन्या रंगीत फिल्मच्या पारदर्शक फोटोंचा, खोका उचलून आणला. बायको म्हणाली, "लोकांची लग्नं बघून आपण काय करायचं?" लग्नं दोनच निघाली. 63 स्लाइडांत मात्र गाड्या होत्या, आणि रंग असे की कालच फोटो काढलाय.

पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, ती तारीख रोल धुतल्याची असते. माझ्याकडे एका जून महिन्याच्या स्लाइडमध्ये सजवलेलं ख्रिसमस ट्री आहे! नंबरप्लेटही तशीच. मिशिगनच्या प्लेटवर 1954 पासून 'वॉटर वंडरलँड' असायचं, 1965 ला त्यात 'विंटर' शिरलं. यावरून फोटो कधीचा ते कळतं, गाडी कधीची ते नाही. दहा वर्षं जुनी गाडी वापरणारे तेव्हाही होतेच.

या खेपेला खरं काम केलं ते दिव्यांनी. कंपन्या क्रोमच्या पट्ट्या मनाला येतील तशा हलवतात, दिव्यांच्या मागे मात्र नियम असतात. समोर चार हेडलाइट असले तर गाडी बहुधा 1958 किंवा नंतरची. 1957 मध्ये काही मोजक्या गाड्यांना चार होते, पण तेव्हा काही राज्यांत ते चालत नव्हते. पुढचे इंडिकेटर 1963 च्या मॉडेलपासून पांढऱ्याचे नारिंगी झाले. आणि 1968 पासून गाडीच्या कुशीवर, पुढे आणि मागे, छोटे दिवे किंवा रिफ्लेक्टर सक्तीचे झाले. या तीन गोष्टी पाठ केल्या आणि एका रविवारात नऊ गाड्या मार्गी लागल्या. 22 नंबरच्या स्लाइडमधली पांढरी शेव्हरोले कॅमेरो मी 1967 ची म्हणून लिहून ठेवली होती. भिंगातून बघितलं तर पुढच्या चाकाच्या पुढे तो चिमुकला दिवा लुकलुकतोय, आणि दाराच्या काचेपुढची तिकोनी काच गायब. 1968. खोडलं, परत लिहिलं.

शेव्हरोलेचं त्रिकूट, म्हणजे 1955, 56 आणि 57, समोरून सोपं आहे. 55 ची जाळी आखूड, बारीक चौकटींची. 56 ची पूर्ण रुंदीभर पसरलेली. 57 ला तर मागचे पंखच सांगतात. मागून आणि लांबून मात्र 55 आणि 56 मध्ये मी हमखास गोंधळतो. हे शेजारच्या आजोबांना सांगितलं. ते पंच्याऐंशीच्या पुढचे आहेत, शाळेत असताना पेट्रोल पंपावर कामाला होते. ते हसायलाच लागले. पंपावर नवा पोरगा आला की त्याला मुद्दाम 56 च्या शेव्हीत पेट्रोल भरायला पाठवायचे म्हणे. पोरगा गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घालायचा, नंबरप्लेट ओढून बघायचा, शेवटी रडकुंडीला यायचा. टाकीचं तोंड डाव्या मागच्या दिव्याच्या आत! दिवाच उघडतो. 57 ला ते डाव्या पंखाच्या क्रोमपट्टीत लपवलंय. कॅडिलॅकने दिव्याखाली झाकण लपवायची ही हौस 1941 पासूनच केली होती. आजोबा स्लाइड डोळ्याला लावतात, वर्ष सांगतात आणि मग पंपावर तिला काय काय लागायचं ते सांगतात. वर्ष तीन सेकंदांत, बाकीचं अर्धा तास. माझी तक्रार नाही.

त्यांनीच माझी एक फजिती उघडी पाडली. 37 नंबरला एक फोर्ड आहे. जाळीच्या मधोमध बंदुकीच्या गोळीसारखा उंचवटा 1949 आणि 50 ला एकच असतो, 1951 ला दोन. इथे दोन आहेत, म्हणजे 1951, एवढं बरोबर होतं. पण अमेरिकेत असून स्टेअरिंग उजवीकडे! मी त्यावर अख्खा सिद्धान्त रचला: परदेशी पाठवायची गाडी असणार, नाहीतर पोस्टमनची. आजोबांनी गाडीकडे बघितलंच नाही. शेजारी उभ्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाले, याच्या शर्टाचा खिसा उजव्या बाजूला का आहे? मी कपाळावर हात मारला. स्लाइड उलटी धरली होती. तेव्हापासून आधी खिसा, मग गाडी.

आता ती सुधारलेली चूक. ही या खोक्यातली नाही, आमच्या घरची आहे. बाबांचा एक कृष्णधवल फोटो आहे, 1957 च्या आसपासचा, गिरगावातला. बाबा एका मोठ्या गाडीला टेकून उभे, पांढरी पँट, भांग पाडलेला. घरात ती गाडी कायम 'डॉज' म्हणूनच ओळखली गेली. समोरचा तोंडवळा डॉजसारखाच, म्हणून मी तिला वर्षभर 1953-54 ची डॉज कॉरोनेट म्हणत होतो. टप फिकट आणि खालचा भाग काळा. त्यावरून महागातलं दोन रंगांचं मॉडेल असणार, असंही ठोकून दिलं होतं.

पण अमेरिकन कॅटलॉगातल्या कॉरोनेटशी ती काही केल्या जुळेना. तिथली गाडी लांब वाटते, ही आखूड. 37 नंबरच्या फजितीनंतर सवयीने बाबांचा खिसा बघितला. डावीकडे, म्हणजे फोटो सुलटा. आणि स्टेअरिंग उजवीकडे. ते मी इतकी वर्षं बघत होतो, पण खटकलं कधीच नाही, कारण आपल्याकडे ते उजवीकडेच असतं! मग अमेरिकेत विकायच्या गाड्यांच्या कॅटलॉगात ही सापडणार कशी?

ती डॉज किंग्जवे निघाली. डॉज आणि प्लिमथ या दोन्ही क्रायस्लर कंपनीच्याच, आणि क्रायस्लर बाहेरच्या देशांसाठी हा उद्योग करायची: अंग प्लिमथचं, तोंडावर डॉजचा साज आणि डॉजचं नाव. त्या सालच्या प्लिमथचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 114 इंच, कॉरोनेट सेदानचा 119. पाच इंच म्हणजे जेमतेम अर्धी वीत, पण डोळ्याला तेवढं पुरतं. आणि ती काही डेट्रॉइटहून अख्खी आलेली नसणार. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1947 पासून कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या जोडायला सुरुवात केली होती. तिथे एकच गाडी डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट अशा तीन नावांनी बाहेर पडायची. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना 1928 पासून होता, तो 1954 मध्ये बंद झाला. त्यामुळे त्या काळातली मुंबईची 'अमेरिकन' गाडी दिसली की आधी कुर्ला आठवा. नाक बघून नाव ठेवू नका. टप, दारं आणि मागचं मडगार्ड बघा, ते बदलायला कंपनीला पैसे पडतात.

हे सगळं आईला व्हिडिओ कॉलवर उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, टॅक्सी होती ती. तुझे बाबा नुसते टेकले होते." फिकट टप म्हणजे टॅक्सीचा पिवळा. बाबांच्या कोपरामागची पेटी मी आरसा समजत होतो, तो मीटर. "फोटो होईपर्यंत टॅक्सीवाला ओरडत होता," हेही तिने वर सांगितलं. यादीत आता 'डॉज किंग्जवे, 1953 किंवा 54, टॅक्सी' अशी नोंद आहे.

पुढच्या खेपेसाठी 58 नंबर ठेवलाय. गॅरेजमधून अर्धवट बाहेर आलेली ब्युइक, 1949 किंवा 50 ची. पुढच्या मडगार्डवर ती प्रसिद्ध गोल भोकं, सुपर मॉडेलला तीन, रोडमास्टर मॉडेलला चार. इथे तीन स्पष्ट दिसतात, आणि चौथं जिथे असायला हवं नेमकी तिथे गॅरेजच्या दाराची सावली. आजोबांचं मत चार. मी पेन्सिलीने 'तीन, बहुतेक' लिहून ठेवलंय.