पुठ्ठा तिरका का वळत होता, ते अखेर सापडलं

मंडळी, बारा लिनोंच्या (लिनोलियमवर कोरून छापलेल्या चित्रांच्या) पुस्तकाचं वर्ष भरलं. छापे संपले, शिवण संपली, वीस प्रतींचे कणे सरळ उभे आहेत, आणि कव्हरं मात्र पापडासारखी. गेल्या दोन नोंदींत यावर बरंच लिहून झालंय (ग्रेनची, म्हणजे कागद-पुठ्ठ्यातल्या तंतूंच्या दिशेची नोंद आणि खळीची नोंद). दोष ग्रेनचा किंवा खळीचा, हा त्यांत काढलेला निष्कर्ष अर्धवट होता. ग्रेन बरोबर होता, खळही बरोबर होती. गुन्हेगार निघाली शाई.

नवीन कोणी वाचत असेल तर मोजमापं एकदा परत: कव्हर 160 × 215 मिमी, कप्पा बोर्ड (बांधणीचा जाड पुठ्ठा) 2 मिमी, बाहेरून 150 जीएसएमचा कापसाचा हातकागद, आतून 100 जीएसएमचा अस्तर-कागद. बाहेरच्या कागदावर बांधणीआधीच लिनो छापलेला. चित्रात खालच्या बाहेरच्या कोपऱ्यातून वर चढत जाणारा काळा डोंगर आहे आणि उरलेलं कोरं आभाळ. म्हणजे कव्हर तिरक्या रेषेने अर्धं गच्च काळं, अर्धं कोरं. वळत होता तो नेमका काळा कोपरा, आतल्या बाजूला. सुटा पुठ्ठा आतली बाजू वर करून काचेवर ठेवला की तो कोपरा 6 मिमी उचललेला दिसायचा. कोरा कोपरा काचेला चिकटून बसलेला.

ग्रेन चुकला की पुठ्ठा नळीसारखा वळतो, असा तिरका नाही. हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

तरी ग्रेनबद्दल एक वाक्य राहिलंच होतं. दुकानात ए4 मापाचे कापून मिळणारे पुठ्ठे घेऊ नका. मोठ्या शीटमधून जास्तीत जास्त तुकडे निघावेत म्हणून कापणारा निम्मे आडवे आणि निम्मे उभे लावतो आणि एकाच गठ्ठ्यात दोन्ही येतात. अख्खी शीट घ्या, दोन्ही बाजूंनी हलकी वाकवून पाहा, जिकडे सहज वाकते त्या घडीच्या रेषेला समांतर ग्रेन. ती रेषा कण्याला समांतर हवी. शीटच्या मागे पेन्सिलीने बाण काढा आणि मगच कापा. आमच्या पहिल्या गठ्ठ्यातले वीसपैकी नऊ पुठ्ठे उलटे निघाले. दुकानदाराचं उत्तर होतं, ‘पुठ्ठ्याला कसली दिशा?’ दुकानाचं नाव लिहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. तीन सुटी कव्हरं एकाच दिवशी, एकाच पुठ्ठ्यातून, एकाच खळीने केली. अ: कोरा कागद. आ: नेहमीचा डोंगर, अर्धा काळा. इ: पूर्ण काळा. शाई तिन्हींकडे (जिथे होती तिथे) तीन आठवडे वाळलेली. आधी फक्त बाहेरचा कागद चिकटवला आणि वजनाखाली न ठेवता वाळू दिला, म्हणजे ओढ उघडी दिसावी. अ बाहेरच्या बाजूला 9 मिमी वाकला. इ फक्त 4 मिमी. आ पिळला.

मग पट्ट्यांची चाचणी. त्याच कागदाच्या 200 मिमी लांबीच्या दोन पट्ट्या, एक कोरी आणि एक काळी. दोन्हींना मागून खळ लावून पाच मिनिटं थांबून मोजलं: कोरी 203 मिमी झाली, काळी साधारण 201.5. तेलशाईचा वाळलेला थर कागदाला पुढून धरून ठेवतो, फुगू देत नाही. जो कागद कमी फुगला तो वाळताना आकसतोही कमी, म्हणजे पुठ्ठ्याला कमी ओढतो. आतला अस्तर-कागद मात्र सगळीकडे सारख्याच जोराने ओढणार. कोऱ्या भागात बाहेरची आणि आतली ओढ बरोबरीला येते आणि काळ्या भागात आतलीच जिंकते. रस्सीखेचीत एका बाजूचा अर्धा संघ बसून राहिला तर दुसरं काय होणार?

हातकागदामुळे हे दुप्पट जाणवतं. साच्यात हाताने उचललेल्या कागदाचे तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, ग्रेन जवळजवळ नसतोच, त्यामुळे तो रुंदीबरोबर उंचीतही ताणतो. मशीनचा कागद मुख्यतः एकाच दिशेने फुगतो आणि ती दिशा सांभाळता येते. ‘हातकागदाला ग्रेन नाही म्हणजे निर्धास्त’ हे वाक्य आपल्यातच फार फिरतं. ते आता मागे घ्या.

उपाय करून पाहिले ते असे. पहिला: खळ कागदाला न लावता पुठ्ठ्याला लावायची आणि अर्ध्या मिनिटाच्या आत कागद बसवायचा. फुगवटा कमी झाला, पिळ 4 मिमीवर आला, पण दर दुसऱ्या कव्हरला बुडबुडे. हातकागदाची जाडी असमान असल्याने खोलगट जागी खळ पोचतच नाही. सोडून दिला.

दुसरा: मिश्रण. खळ तीन भाग, पांढरा पीव्हीए (फेविकॉलसारखा गोंद) दोन भाग. पाणी कमी जातं, पिळ 2.5 मिमी. वाईट नाही, पण पीव्हीए वाळला की ते पुस्तक पुढे कोणाला सोडवून दुरुस्त करता येत नाही, म्हणून आतल्या पानांच्या जवळपास तो नकोच. कव्हरापुरता चालवून घेता येईल.

तिसरा, आणि हाच चालला: छापलेल्या कागदाला बांधणीआधी मागून पाठ देणं, म्हणजे दुसरा पातळ कागद चिकटवणं. पातळ नेपाळी लोक्ता कागद, पातळ खळ, आणि ओला छापा काचेवर शाईची बाजू वर करून पालथ्या तळव्याने सपाट बसवायचा. पाठीचा कागद चारी बाजूंनी 15 मिमी जास्त ठेवून फक्त त्या कडा काचेला चिकटवायच्या. एका कडेला कागदाची बारीक पट्टी अडकवून ठेवा, नाहीतर नंतर पातं घालायला जागा राहत नाही. दोन दिवसांत तो ढोलासारखा ताठ होतो. काळा आणि कोरा भाग दोन्ही ताणलेल्या अवस्थेतच वाळतात आणि पुढच्या चिकटवणीत दोघांच्या फुगवट्यातला फरक फार कमी राहतो. त्यानंतर वरचं मिश्रण वापरून पुठ्ठ्यावर. पिळ 1 मिमीच्या आत. शिकंज्यात (बांधणीच्या दाबयंत्रात) टीपकागद अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि सहा तासांनी बदलायचे, मग तीन दिवस हात लावायचा नाही. पंख्याखाली वाळवण्याचा मोह टाळा. पावसाळ्यात घरात 85 टक्क्यांच्या वर दमटपणा असतो, वरची बाजू वाळते आणि पुठ्ठा आत ओलाच राहतो.

एक सावधगिरी: शाई पूर्ण वाळलेली असल्याशिवाय पाठ देऊ नका. पाण्याने धुता येणाऱ्या तेलशाईत हे विशेष. जवसाच्या तेलाची शाई वाफ होऊन वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. जुलैत तिला जाड थरात तीन आठवडे सहज लागतात. ती कच्ची असताना खळीचं पाणी लागलं की डोंगर आभाळात उतरतो. ओला कापूस काळ्यावर घासा, कापूस पांढराच राहिला तर पुढे जा. गोंदाची, पाण्यात विरघळणारी शाई कव्हरासाठी विसराच, ती वर्षानेही सुटते.

खळीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मैदा बंद केला. जुन्या कागदांचे संवर्धनवाले जी गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात तो आपला कुरडईचा चीकच. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, वाटून गाळायचं, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून द्यायचं. खाली बसतो तो चीक वाळवून डब्यात. एक भाग वाळका चीक, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस मिनिटं सतत ढवळत, दुधाळपणा जाऊन काचेसारखी झाक येईपर्यंत. गार झाल्यावर चाळणीतून दोनदा घासून काढा. फ्रीजमध्ये तीन दिवस, चौथ्या दिवशी फेकून द्या. यात ग्लुटेन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे कसर आणि बुरशी दोन्ही कमी. जुने बाइंडर खळीत मोरचूद टाकतात. झुरळांचा बंदोबस्त होतो हे खरं, पण तांब्याचा क्षार पुढे कागद पिवळा आणि ठिसूळ करतो. लवंगेच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

कव्हरांनी सगळी जागा खाल्ली, तरी दोन चांगल्या गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक: गच्च काळा आता खरोखर गच्च येतो, ठिपके राहत नाहीत. युक्ती जुनीच. दौलताबादी कागदाला खळ देऊन दगडाने घोटत असत, बोरू अडखळू नये म्हणून. तेच इथे केलं. हातकागदाच्या छपाईच्या बाजूला पातळ खळ (एक भाग चीक, वीस भाग पाणी), पूर्ण वाळवणं, मग अकीकाच्या घोटणीने गोल गोल दहा मिनिटं. शाई आधी जेवढी लागायची त्याच्या दोन तृतीयांशात काम होतं, आणि थर पातळ म्हणजे लवकर वाळतो.

दोन: देवनागरी. बारा महिन्यांची नावं लिनोत उलटी कोरताना ‘चैत्र’च्या मात्रा आणि ‘भाद्रपद’चा रफार पहिल्या महिन्यांत तुटायचे (हो, ‘भाद्रपद’ला रफार नसतो, रकार असतो, कोरतानाही तीच चूक झाली होती आणि एक अख्खा ठसा वाया गेला). तुटण्याचं कारण पात्याचा कोन. रेषेच्या दोन्ही बाजू बाहेरच्या दिशेने उतरत्या कापल्या की तळाशी रुंदी राहते. सरळ किंवा आत शिरून कापलं की अनुस्वाराचा ठिपका तिसऱ्या छाप्याला उडतो. आधी पोकळ्या, मग शिरोरेषेच्या वरचं, आणि शिरोरेषेखालची मोठी सफाई सगळ्यात शेवटी. लिनो हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. आणि महागड्या स्विस छिन्न्यांपेक्षा चामड्याच्या पट्ट्यावर दर वीस मिनिटांनी घासलेली साधी व्ही-छिन्नी बरी, हे मत बदललेलं नाही.

आता अडचण अशी, की पाठ दिलेला छापा जाड होतो. कोपऱ्यावर घडी फुगते, आणि त्याहून वाईट म्हणजे कण्याजवळच्या सांध्यात पुस्तक दहा-बारा वेळा उघडलं की काळ्या शाईला भेग जाते. म्हणून सांध्यावर छापा नकोच: कणा कापडाचा, छापा सांध्याच्या 8 मिमी अलीकडे थांबणार. कापड खणाचं घेणार होतो. खणाच्या डायऱ्यांचा आता कंटाळा आलाय, आणि खणाच्या विणीतून खळ वर येते, म्हणून त्यालाही पाठ द्यावी लागते. आता साधं काळं बकरम (बांधणीचं ताठ कापड).

हे लिहायला घेतलं तेव्हाच दुसरं सुचलं. अख्ख्या कव्हरावर छापायचंच कशाला? 1.5 मिमीच्या पुठ्ठ्यावर 0.8 मिमीचा पुठ्ठा चिकटवायचा, त्यात 90 × 120 मिमीची खिडकी कापलेली. वरून कोरा हातकागद, बोन फोल्डरने (घड्या दाबायच्या हाडाच्या पट्टीने) खिडकीच्या कडांत बसवलेला, आणि त्या खोलग्यात 88.5 × 118.5 मिमीचा छोटा छापा. शाईचा भाग लहान आणि मधोमध, कोपऱ्यांपर्यंत ओढ पोचणारच नाही. शिवाय छापा खोलग्यात असल्याने कपाटात घासलाही जाणार नाही. डोंगराचा ठसा या मापाला फार मोठा आहे, म्हणजे नवा कोरावा लागेल. मोठा डोंगर मग पहिल्या पानासमोर, घडीचा. अस्तरावर नाही! तिथे लावला तर हीच रस्सीखेच आतून सुरू होईल.

दोन्ही पद्धतींची तीन-तीन कव्हरं आत्ता शिकंज्यात आहेत. खिडकीवाल्यांना खोलग्यात दाब मिळावा म्हणून त्याच मापाचा पुठ्ठ्याचा तुकडा, मेणकागदात गुंडाळून, आत ठेवलाय. गुरुवारी काचेवर ठेवून मोजणार. कोणाकडे 0.8चा पुठ्ठा अख्ख्या शीटमध्ये मिळत असेल तर कळवा, इथे 1 मिमीच्या खाली सगळं कापूनच येतंय.