चाळीस माणसं, एक बस: गावाकडून परदेशी ग्रुप टूरला निघताना

हरभरा-गहू घरात आला, तूर विकून झाली की एप्रिल-मे आपल्याकडे विदर्भात तसे मोकळे असतात. युरोपच्या सहलींचा हंगामही नेमका तेव्हाच सुरू होतो. त्यामुळे दारव्हा, चिखली, आर्वी, तुमसर अशा गावांतली जोडपी आता मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या टूरमध्ये बरीच दिसतात. विमानाची भीती पहिल्या दोन तासांत जाते. धाकधूक राहते ती बसमधल्या बाकीच्या अडतीस जणांची: शहरातले लोक, वेगळी बोली, वेगळं खाणं, जमेल का? जमतं. टूरमधले तंटे स्वभावावरून फार कमी होतात. ते होतात घड्याळ, बाथरूम आणि डबा या तीन गोष्टींवरून, आणि या तिन्हींची तयारी घरूनच करता येते.

आधी कागदपत्रं, कारण एकाचा व्हिसा अडकला की त्याच्या जोडीदाराचंही बिनसतं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी. नाव आधार, पॅन आणि पासपोर्टवर सारखंच हवं. आपल्याकडे घोळ होतो तो बायकांच्या माहेर-सासरच्या नावांत, आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडलेल्या जुन्या पासपोर्टात. दुबईच्या व्हिसाला असं एकेरी नाव अडतं. बुकिंगच्या निदान तीन महिने आधी हे तपासा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का असतो, तो पाहून लोक घाबरतात. तो नोकरीसाठी जाणाऱ्यांकरता आहे. फिरायला जाताना परतीचं तिकीट आणि व्हिसा सोबत असला की तो आड येत नाही. पन्नाशी उलटलेल्यांना तर तो लागूच नाही.

युरोपच्या शेंगेन व्हिसाला बोटांचे ठसे द्यावे लागतात. कापूस वेचून, निंदण करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचे ठसे यंत्र पटकन उचलत नाही आणि मागची रांग खोळंबते. आधीचे आठ-दहा दिवस रात्री हाताला खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळा, पण ठसे देताना हात स्वच्छ धुऊन कोरडे ठेवा. तेलकट बोटाचाही ठसा बिघडतो.

तारखेचा एक फसवा घोळ आहे. विमान बहुधा मध्यरात्रीनंतरचं असतं. तिकिटावर १० तारीख, रात्री २ वाजता असं असेल, तर विमानतळावर ९ तारखेच्या रात्री दहाच्या आत पोहोचायचं. १० च्या रात्री पोहोचणाऱ्याचं विमान वीस तासांपूर्वीच उडालेलं असतं. विदर्भ एक्सप्रेसने जाणार असाल तर मुंबईत एक दिवस मोकळा ठेवूनच तिकीट काढा. समृद्धीने गाडी करून जाणाऱ्यांनीही त्याच दिवशी पोहोचण्याचा हिशेब मांडू नये. ग्रुप कोणासाठी थांबत नाही, कारण विमान थांबवणं टूर कंपनीच्या हातातच नसतं.

आता खोली. टूरचा दर दोघांच्या खोलीवर धरलेला असतो. तिघे मित्र एका खोलीत राहिले तर थोडे पैसे वाचतात, पण तिसरी खाट घडीची, अरुंद आणि बहुधा दाराजवळ असते. ती रोज एकाच्याच वाट्याला आली की चौथ्या दिवशी धुसफूस सुरू होते. पाळी मुंबईतच ठरवून घ्या. एकटे जात असाल आणि अनोळखी जोडीदार मिळणार असेल तर घोरण्याबद्दल पहिल्याच रात्री मोकळेपणाने सांगा, आणि कानातले बोळे दोन जोड न्या, एक त्यांच्यासाठी.

युरोपातल्या बाथरूमची रचना समजून घेतली नाही तर दंड होऊ शकतो. टबच्या बाहेरच्या फरशीला पाणी जायला मोरी नसते. शॉवरचा पडदा टबच्या आत सोडायचा, म्हणजे पाणी आतल्या आत राहतं. पडदा बाहेर लोंबला की पाणी फरशीवरून खोलीतल्या गालिच्यात आणि कधी खालच्या मजल्याच्या छतात उतरतं. त्याचं बिल हॉटेल तुमच्या नावावर लावतं. बादली-मग्गा नसतो, संडासात जेटही नसतो. एक छोटा प्लॅस्टिकचा मग बॅगेत असलाच पाहिजे.

सकाळचा हिशेब असा: सहाला उठवतात, सातला नाश्ता आणि बॅग खाली, आठला बस. दोघांच्या दोन आंघोळी, तयारी आणि पूजा एका तासात बसत नाही. एकाने रात्री आंघोळ करावी, हाच सोपा तोडगा. पूजा हात जोडून, मनातल्या मनात. खोलीत उदबत्ती किंवा निरांजन अजिबात नको. छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. ते वाजलं की पहाटे अख्खं हॉटेल रस्त्यावर येतं आणि मग पुढचे आठ दिवस तुमच्याकडे सगळे त्याच नजरेने बघतात.

झोपेचाही विचार करा. उन्हाळ्यात पॅरिस-स्वित्झर्लंडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. घरी पहाटे पाचला उठायची सवय असेल तर तिथे रात्री दीडला डोळे उघडतील. तेव्हा दिवा लावणं, मोबाईलवर काकडा लावणं, पिशव्यांची खसखस करणं हा शेजारच्या झोपलेल्या माणसावर अन्याय आहे. पडून राहा, दोन-तीन रात्रींत शरीर जुळवून घेतं. सिंगापूरला उलटं: तिथलं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे आपले पहाटेचे पाच तिथे साडेसात. शेतकरी माणसालाही तिथे गजर लावावाच लागतो.

बसमध्ये वेळ का पाळायची याचं खरं कारण लोकांना कोणी नीट सांगत नाही, म्हणून टूर मॅनेजर उगाच ओरडतो असं वाटतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि दिवसात साधारण ९ तासांच्या वर स्टिअरिंगवर बसता येत नाही. त्याची रोजची विश्रांतीही कायद्याने ठरलेली आहे. हे सगळं गाडीतलं यंत्र नोंदवतं, तपासणीत सापडला तर चालकाला जबर दंड होतो. म्हणजे सकाळी तुम्ही २० मिनिटं उशीर केलात तर ती २० मिनिटं वेग वाढवून भरून निघत नाहीत, संध्याकाळच्या एखाद्या ठिकाणातून कापली जातात. डोंगरावर जायच्या रेल्वेचं किंवा बोटीचं ठरावीक वेळेचं तिकीट असेल तर चाळीसही जणांचं चुकू शकतं. पाच मिनिटं आधी बसपाशी उभं राहणं हा ग्रुपमधला सर्वात मोठा शिष्टाचार आहे असं मी मानतो.

कुठेही उतरलात की आधी स्वच्छतागृह, मग फोटो, मग दुकान. बायकांच्या रांगेला वीस मिनिटं सहज जातात आणि शेवटच्या पाच मिनिटांत तिकडे धावलं की उशीर ठरलेलाच. युरोपात बरेच ठिकाणी त्याला पैसे पडतात, म्हणून ५० सेंट आणि १ युरोची नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा. मधुमेह किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर टूर मॅनेजरला पहिल्या दिवशी बाजूला घेऊन सांगा. लाजून पाणी पिणं बंद करू नका, चक्कर येऊन पडलात तर सगळ्यांचाच दिवस जातो.

जागा रोज बदलतात. बहुतेक टूरमध्ये दररोज दोन ओळी मागे सरकायचं असतं. रुमाल टाकून जागा धरायची एसटीची सवय इथे सोडायची. ज्यांना गाडी लागते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून पुढची जागा मागावी, गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, आणि इतरांनी त्यावरून कुरकुर करू नये. बसमध्ये पाणी चालतं, चिवडा-शेव चालत नाही: चुरा सीटच्या फटीत जातो आणि साफसफाई चालकालाच करावी लागते.

खाण्यात माळकरी, महानुभाव किंवा जैन मंडळींनी बुकिंगच्या वेळीच लेखी सांगावं. "शाकाहारी" एवढंच सांगितलं तर कांदा-लसूण येणारच. एकादशी मध्ये येते का तेही पंचांगात बघून घ्या, फळं आणि दूध आधी सांगितलं तरच मिळतं. टूरचं भारतीय जेवण पंजाबी वळणाचं आणि आपल्या जिभेला फिकं असतं, म्हणून दोघांसाठी जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी पाव-पाव किलो पुरे होते. तिखट पुऱ्या पहिले तीन-चार दिवस टिकतात. ठेचा आणि लोणचं हातातल्या बॅगेत असेल तर तपासणीत काढून घेतात, कारण तेल-पाणी सुटणारा पदार्थ द्रवात मोजतात आणि केबिनमध्ये १०० मिलीच्या वरची बाटली चालत नाही. मोठ्या बॅगेत दुहेरी पिशवीत न्या. सुकं खोबरं विमानात कुठेच नेऊ नका, तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात.

कोणता पदार्थ कोणत्या देशात अडतो हे नीट पाहा. युरोपात दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढा, खवा, तूप घरीच. ताजी संत्रीही नाहीत. केळी आणि खजूर चालतात. दुबईत खसखस अमली पदार्थात मोडते, आणि आपल्या सावजी मसाल्यात ती असतेच. तो डबा दुबईला कधीही नेऊ नका. सिंगापूरला चघळायचा तंबाखू आणि च्युइंगम आणायला बंदी आहे, म्हणून खर्ऱ्याची पुडी खिशातसुद्धा नको. ज्यांना सवय आहे त्यांनी महिनाभर आधीपासून कमी करत आणावं. एकाच्या खिशात पुडी सापडली की तपासणीत अख्खा ग्रुप ताटकळतो.

आग्रह हा आपला गुण आहे. पण ताटात वाढण्याआधी "तुम्ही लसूण खाता का, तिखट चालतं का" एवढं विचारा, एकदा नाही म्हणाले की थांबा. याच चटणीवर टूरमधल्या निम्म्या मैत्री जमतात, मात्र ती घेणाऱ्याला हवी असेल तेव्हाच.

बोलण्यात दोन विषय टाळावेत. पहिला, "तुम्हाला टूर कितीला पडली?" आधी बुकिंग करणाऱ्याला सूट असते, दर सारखे नसतात, आणि हा प्रश्न विचारला की एक तरी जण दिवसभर नाराज बसतो. दुसरा, मुलाचं लग्न का झालं नाही, पगार किती वगैरे. गावात ही आपुलकी असते, शहरातल्या माणसाला ती चौकशी वाटते. वऱ्हाडी बोलायची मात्र लाज बाळगू नका. काका, भाऊ, ताई म्हणून हाक मारलेली सगळ्यांना आवडते. आणि एस्केलेटर, लिफ्टचं कार्ड, विमानातला पट्टा यातलं काही येत नसेल तर लगेच विचारा. विचारायला अर्धं मिनिट लागतं, चुकीच्या मजल्यावर भटकलेल्याला शोधायला अर्धा तास.

पैशांचं थोडक्यात. भारतातून २५,००० रुपयांपेक्षा जास्त भारतीय रोकड बाहेर नेता येत नाही. फॉरेक्स कार्ड (परकीय चलन भरलेलं कार्ड) घ्या, आणि दुकानातल्या यंत्राने रुपये की तिथलं चलन असं विचारलं तर तिथलं चलन निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. सोबतच्यांकडून उसने घेऊ नका. चहा-पाण्याला चार जणांनी १०-१० युरोची वर्गणी काढून एकाकडे ठेवली की रोजचा हिशेब राहत नाही. टूरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, वसूल केला जातो. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने आपल्यापैकी अनेक जण विवरणपत्र भरतच नाहीत आणि ही रक्कम सरकारजमा राहते. विवरणपत्र भरलं तर ती परत मिळते, म्हणून बुकिंगला स्वतःचाच पॅन द्या.

औषधं दोन भागांत विभागा, निम्मी स्वतःकडे, निम्मी जोडीदाराच्या बॅगेत. इन्शुलिन कायम हातातल्या बॅगेत, खालच्या सामानकक्षातल्या थंडीने ते गोठून निकामी होऊ शकतं. पॉवर बँकही हातातच, २०,००० एमएएचपर्यंतची बिनधास्त चालते. ४४ अंशांतून निघून स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखवर जाल तेव्हा तुम्ही ३,४५४ मीटर उंचीवर आणि बर्फात असाल. तिथे धावू नका, पायऱ्या हळू चढा, हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

चुकामूक झाली तर जिथे शेवटचं सगळ्यांना पाहिलं तिथेच उभं राहायचं. मेट्रोत काही जण चढले आणि दार बंद झालं, तर चढलेल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून थांबायचं, मागे राहिलेल्यांनी पुढची गाडी धरून तिथेच उतरायचं. हे नवरा-बायकोने आपापसातही ठरवून ठेवा, कारण फोन बहुधा एकाच्याच खिशात असतो. हॉटेलचं कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स मात्र दोघांकडेही हवी.

शेवटच्या रात्री एक काम हॉटेलच्या वायफायवरच उरकून घ्या. वयस्क जोडप्यांचे दोघांचे मिळून फोटो नेहमी दुसऱ्यांच्या मोबाईलमध्ये असतात. मुंबईला उतरल्यावर सगळे आपापल्या वाटेला लागतात, आणि गावच्या नेटवर्कवर दोनशे फोटो जाता जात नाहीत. जेवण झाल्यावर एकमेकांशेजारी बसून ज्याचे त्याला देऊन टाका.