वसतिगृहातील नमाज आणि रोजे

चिपळूणजवळच्या गावातून रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यात येईपर्यंत नमाज-रोजे मला कधी स्वतंत्रपणे सांभाळावे लागले नव्हते. मोहल्ल्यात अजान झाली की सगळेच मशिदीकडे निघत आणि सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, अम्मी उठवीत असे.

पहिली अडचण शुक्रवारची होती. प्रात्यक्षिकाची बॅच साडेअकरा ते साडेतीन आणि जुम्याची जमात, म्हणजे शुक्रवारची सामूहिक नमाज, दीडच्या सुमारास. इतर नमाजा खोलीत एकट्याने पढता येतात, परंतु जुमा जमातीशिवाय होत नाही. ती चुकली तर तिच्या जागी जोहर, म्हणजे रोजची दुपारची नमाज, पढावी लागते. मी विभागप्रमुखांना लेखी अर्ज दिला आणि त्यात तासांची सवलत न मागता फक्त मंगळवारच्या बॅचमध्ये बदली मागितली. एकाला दिले तर सर्वांना द्यावे लागेल, अशी शंका आधी निघाली. पण मंगळवारी जागा रिकामी असल्याने बदली मिळाली.

मंगळवारचा प्रश्न वेगळाच निघाला. इस्लामी विधिनियमांच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत. आम्ही कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे, तर पुण्यातील माझे बहुतेक मुस्लिम मित्र हनफी. हनफी मतानुसार असरची, म्हणजे जोहरनंतरच्या नमाजेची, वेळ उशिरा लागते, त्यामुळे त्यांना जोहरसाठी सुमारे तासभर अधिक मिळतो. हिवाळ्यात माझी जोहरची वेळ मात्र चारच्या आधीच संपते. म्हणून साडेतीनला सुटताच मी प्रथम वजू (नमाजेआधी हातपाय-तोंड धुणे) करू लागलो. गावी हा फरक मला नावापुरताच ठाऊक होता. तो नीट समजून घ्यावा लागला तो इथेच, आणि त्यामुळे माझी नमाज मला अधिक आपली वाटू लागली.

2024 चा रमजान 12 मार्चला सुरू झाला. चहा बंद झाल्यावर डोके दुखते, म्हणून मी दोन आठवडे आधीपासूनच चहा कमी केला. मेसच्या काकांना विनंती केल्यावर ते रात्रीच चपात्या आणि उसळ डब्यात भरून ठेवू लागले. खजूर, केळी आणि दूध मी आणत असे. पहाटे पाचच्या आत सहरी उरकून फजरनंतर (पहाटेच्या नमाजेनंतर) दोन तास केलेला अभ्यास दिवसभरात सर्वांत चांगला होई. तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज, सुन्नत (पैगंबरांचा प्रघात) आहे, फर्ज (सक्तीची) नव्हे. म्हणून चाचणीच्या आदल्या रात्री खोलीतच थोड्या रकाती (नमाजेची आवर्तने) पढून झोपण्यात मला काही गैर वाटले नाही.

ईदसाठी 10 एप्रिलला गावी निघालो. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआनातच आहे, परंतु शाफई मताप्रमाणे त्यासाठी प्रवास पहाटेपूर्वी सुरू झालेला असावा लागतो आणि माझी एसटी सकाळची होती. म्हणून कुंभार्ली घाट मी रोज्यानेच उतरलो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत असल्याने 2025 मध्ये तो मार्चच्या आरंभीच येणार होता. म्हणून पुढच्या वर्षाचा बॅचचा अर्ज मी वेळापत्रक लागण्यापूर्वीच देऊन ठेवला.