संजीवन सभा आणि अक्कांची डाळ

मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की आमच्या चर्चच्या मंडळीच्या संजीवन सभा, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या सभा, भरायच्या. तीन रात्री. बेळगावचा वळीव हटकून दुसऱ्या रात्री यायचा आणि मांडवाची ताडपत्री पोटासारखी फुगायची. खानापूर, निपाणीकडचे पाहुणे वळकट्या घेऊन यायचे. एक गाणं मराठी, एक कानडी. पेटी, ढोलकी, झांज दोन्हींना तीच. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं पद निघालं की म्हातारी माणसं डोळे मिटून डोलायची.

दुसऱ्या रात्री पश्चात्तापाचं आवाहन व्हायचं, आणि रडणं सुरू. मी चौदाचा असेन. शेजारचा मित्र नाक ओढत हुंदके देतोय आणि माझे डोळे ठणठणीत कोरडे! पवित्र आत्मा नेमका माझी रांग सोडून पुढे गेला, असं वाटलं. शेवटी गुपचूप थुंकी लावली पापण्यांना. (प्रभू क्षमा करो.) स्वयंपाकाच्या चुलीपाशी बसलेल्या अक्कांनी ते पाहिलं. म्हणाल्या, "रडू आलं तर रड की रे. नाही आलं तर इकडं ये, डाळ ढवळ."

पाळकसाहेबांना ही रडारड रुचत नसे. सकाळच्या अभ्यासात ते मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्लींवर यायचे. २४ मे १७३८, लंडनची आल्डर्सगेट स्ट्रीट. तिथल्या सभेत मनाला अनोखी ऊब जाणवली, असं वेस्लींनी रोजनिशीत लिहिलं. "ऊब म्हणालेत, बरं का," साहेब बोट उचलून सांगायचे. मग आमचे एक वडीलधारे हटकून केडगाव काढायचे. १९०५ साली तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात मुली रडत-रडत प्रार्थना करत होत्या. संस्कृत कोळून प्यायलेल्या बाईंनी त्यांना गप्प केलं काय? वाद जेवणाच्या पंगतीपर्यंत चालायचा. मला दोघांचंही पटायचं. पेटीचा सूर चढवून माणसांना रडवणारे उपदेशक मात्र तेव्हाही आवडले नाहीत, आजही नाहीत.

एका वर्षी सभेच्या आधी महिनाभर अक्कांचा थोरला मुलगा गेला. तरी त्या आल्या, चुलीपाशी बसल्या. तिसऱ्या रात्री विश्वासाची साक्ष द्यायला उभ्या राहिल्या आणि तोंडातून शब्दच फुटेना. मग असा हंबरडा फोडला की ढोलकीवाल्याचा हात तसाच थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "अक्का, विश्वास ठेवा. रडायचं नाही."

पाळकसाहेब उठले. आता समजावणार, असं आम्हाला वाटलं. त्यांनी बायबलातला योहानाचा अकरावा अध्याय काढला. मेलेल्या लाजरला थोड्याच वेळात कबरेतून हाक मारून उठवणार हे ठाऊक असलेला प्रभू, त्याच्या गावाबाहेर उभा. साहेबांनी एकच वचन वाचलं, "येशू रडला." पुस्तक मिटलं आणि अक्कांच्या शेजारी खाली सतरंजीवर जाऊन बसले.

त्या रात्री डाळ खाली लागली. सगळ्यांनी तशीच खाल्ली.